मदत हवी आहे : सागवानी झोपाळ्याच्या खोलीला रंग कोणता द्यावा?
बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराची १२ बाय १६ फुटांची बैठकीची खोली रंगवायची असून, पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा आणि हिरवट कोटा फरशी बदलायची नाही. खिडकी एकच, तीही पश्चिमेला. भिंतीवर नमुने लावून पाहिले. फिकट पिवळा संध्याकाळच्या उन्हात केशरी भासतो आणि राखाडी रंगाने खोलीला दवाखान्याची कळा येते. पांढरा नको, कारण झोपाळ्यामागच्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचे डाग पडतात. ओल नाही, पुट्टी झाली आहे. झोक्यासाठी मागेपुढे तीन-तीन फूट सोडल्यावर लहान सोफाच मावेल. अशा वेळी भिंतींना पुसता येणारा कोणता रंग शोभेल, आणि सोफा सागवानीच घ्यावा की वेताचा?