‘सुट्टी’ हा शब्द जुन्या व्हिडिओ गेमसारखा उठावदार कसा रंगवावा?

आगरातली:
मे महिन्यात आम्ही सगळी मामे-मावसभावंडं हर्णैला आजोळी जमायचो. मुंबईचा मोठा दादा व्हिडिओ गेमचं मशीन आणि पिवळ्या कॅसेटी घेऊन यायचा. माजघरातल्या टीव्हीला वायर जोडून चॅनल जुळवायचं, की दुपारभर मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर. मध्येच वीज गेली की खेळ पुन्हा पहिल्यापासून. मला खेळाइतकीच आवडायची ती सुरुवातीच्या पडद्यावरची जाड अक्षरं. काचेवर हात फिरवला तर कडा बोटाला लागतील असं वाटायचं.

यंदा बऱ्याच वर्षांनी सगळे येतायत. पडवीच्या दारावर लावायला आंब्याच्या पेटीच्या फळ्या जोडून पाटी केली आहे. तिच्यावर तशाच अक्षरांत ‘सुट्टी’ लिहायचंय. कागदावर काढून बघते, पण खाली-उजवीकडे जाडी दिली की शिरोरेषेची बाजू अक्षरांच्या पोटात उतरते आणि ट्ट चा नुसता गोळा होतो. इंग्रजी अक्षरांना हा त्रास नाही. काय करू?

मिरकरवाडा:
ताई, मी होड्यांवर नावं रंगवतो. जाडी खाली देऊ नका, वर-उजवीकडे द्या. म्हणजे अक्षर वरून बघितल्यासारखं दिसेल. शिरोरेषेच्या वर जागा मोकळीच असते, तिथे तिची वरची बाजू ऐसपैस बसते आणि पोटं बरीच मोकळी राहतात. अडचण फक्त वेलांटीची. ती नेहमीपेक्षा उंच घ्या, नाहीतर तिच्याखालची फट बुजेल.

आधी पुढचा भाग पुरा काढा. मग प्रत्येक कोपऱ्यातून एकाच तिरप्या दिशेने, एकाच मापाची रेघ मारा आणि टोकं जोडा. काना दोन बोटं जाड असेल तर बाजू एक बोट पुरे. वरची बाजू फिकी, उजवीकडची गडद. उजेड कुठून येतो ते एकदा ठरवलं की शेवटच्या अक्षरापर्यंत बदलायचं नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं.

पेटीचं लाकूड रंग पितं. लांबी (पुट्टी) भरून, घासून, प्रायमर मारल्याशिवाय ऑइल पेंट लावू नका. आणि पागोळ्यांखाली टांगू नका.

आठ_बाय_आठ:
ती अक्षरं तशी का दिसायची तेही सांगतो, पाटीला उपयोग होईल. त्या मशीनचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. मागचं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटी जोडून व्हायचं आणि १६ बाय १६ च्या एका तुकड्यात पार्श्वभूमीचा रंग धरून चारच रंग मिळायचे. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये सगळ्या चित्रांना मिळून ८ किलोबाइट जागा होती, म्हणून ढग आणि झुडूप एकच आकार आहेत, फक्त रंग वेगळे. एवढ्या तुटपुंज्या सामानात अक्षर उचलून धरायचं काम एका फिकट आणि एका गडद छटेने केलं. मला ती कारागिरी आजही थोर वाटते.

तेव्हा तुम्हीही रंग तीन-चारच ठेवा, वेगवेगळ्या छटा एकमेकींत मिसळू नका. आलेख-कागदावर काढा. ट्ट एकाखाली एक येतो, तो आठ चौकटींत मावणार नाही. उंची सोळा घ्या, वेलांटी आणि उकाराला वर-खाली आणखी जागा सोडा.

फाँटवेडा:
आधी संगणकावर बघायचं असेल तर ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मोदक’ फाँट फुकट मिळतो. इतका गुबगुबीत, की अक्षरांची पोटं बारीक रेघेएवढीच उरतात. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये शब्द टाइप करून त्याचा पाथ, म्हणजे नुसती बाह्यरेषा करा, ती एसव्हीजी फाइल ब्लेंडर या त्रिमितीच्या प्रोग्रॅममध्ये घेऊन जाडी द्या. थेट ब्लेंडरमध्ये टाइप केलं तर जोडाक्षर तुटू शकतं, त्यापेक्षा हा रस्ता बरा. पण पाटी मात्र हातानेच रंगवा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावं बघा. शब्दाचा स्वभाव अक्षराच्या वळणात कसा उतरतो ते कळेल, आणि ‘सुट्टी’ला तर स्वभाव आहेच!

आगरातली:
दादा, जाडी वर घेतली आणि ट्ट लगेच सुटा झाला! आता विटकरी पाटी, पिवळी अक्षरं, वरची बाजू पांढरी, उजवी काळी. उकाराची शेपटी जरा लांब ठेवतेय, तिच्यावर सगळ्यात धाकट्या भाच्याला एक उडी मारणारा ठिपक्यांचा माणूस काढायचाय. लांबी आज भरली, उद्या घासते.