घरट्याचे फोटो काढणं बंद करूया का? माझं मत: हो, पूर्ण बंद

गच्चीवाला
गेल्या मार्चमध्ये आमच्या बाल्कनीतल्या कृष्णकमळाच्या वेलाला शिंजिराच्या मादीनं घरटं लटकवलं. कोळ्याची जाळी, सालीचे कपटे, सुकलेली पानं, आणि दारावर छोटंसं छप्परसुद्धा. दोन अंडी. नर जवळपास गाणं म्हणत फिरायचा पण उबवायला एकटी तीच, पंधराएक दिवस. मी रोज सकाळी ७०-३०० लेन्स लावून उभा. पिल्लं निघाल्यावर एक मोठं पान मधे येत होतं म्हणून ते सुतळीनं बाजूला बांधलं आणि त्या दिवशी फोटो एकदम क्लिअर आला. तिसऱ्या दिवशी भारद्वाज आला आणि दोन्ही पिल्लं गेली. ते पान त्यांचा पडदा होतं आणि तो मी काढला. मादी चोचीत किडा घेऊन संध्याकाळपर्यंत येत होती, ते डोळ्यासमोरून जात नाही. त्यामुळे घराजवळचे पक्षी बघा, खूप बघा, फोटो काढा, पण घरट्याचे नकोच.

टेलिफोटो_तीनशे
वाचून वाईट वाटलं दादा. पण पान बांधणं ही चूक होती, फोटो काढणं नव्हे. शिंजीर स्वतःहून आपल्या दारातल्या वायरीवर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर घरटं करतो, त्याला माणसाची सवय आहे. आमच्या सोसायटीत जास्वंदीवर शिंपी पक्ष्यानं दोन पानं शिवून घरटं केलं होतं आणि त्याच आठवड्यात छाटणी ठरलेली. मी फोटो ग्रुपवर टाकला, सेक्रेटरींनी छाटणी पुढे ढकलली. दिसल्याशिवाय लोकांचा जीव जडत नाही हो. सलीम अलींचंच घ्या, लहानपणी एअरगननं पाडलेली पीतकंठी चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून सगळं सुरू झालं. आज पोरांच्या हातात बंदुकीऐवजी कॅमेरा आहे, तोही काढून घ्यायचा का? मांजा, मोकाट मांजरं आणि पावसाळ्याआधीची सरसकट छाटणी यांनी किती घरटी जातात, त्यावर आधी बोला.

गच्चीवाला
छाटणीवर बोलायलाच हवं, मान्य. पण "इथे घरटं आहे, थांबा" एवढं सांगूनही ती थांबली असती. ग्रुपवर फोटो गेला की दुसऱ्या दिवशी दहा जण मोबाईल घेऊन जास्वंदीपाशी, कुणी फ्लॅश मारतंय, कुणी फांदी वाकवतंय. आपण घरट्याजवळ असेपर्यंत आई येत नाही, पिल्लं उपाशी. आणि कावळा लांबून सगळं बघत असतो.

सुभगप्रेमी
घरट्याच्या बाबतीत गच्चीवाल्यांशी सहमत. मी मोबाईलवर सुभग पक्ष्याचा आवाज लावतो, पाच मिनिटांत नर समोरच्या फांदीवर, मस्त फोटो मिळतो. घरटं नाही, पिल्लं नाही, कुणाला त्रास नाही.

मावशी_सातारा
बाळा, त्रास आहे. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. चरणं सोडून तो भांडायला येतो आणि शत्रू काही सापडत नाही. तू एकदा लावतोस, तुझ्यामागून अजून चौघं लावतात, विणीच्या दिवसांत त्या बिचाऱ्यानं करायचं काय? मर्लिन ॲप आवाज ऐकून पक्षी ओळखायला छान आहे, त्याला ऐकू दे, तू वाजवू नकोस.
मी अंगणात मातीचं पसरट भांडं ठेवते, पाणी बोटभर, रोज घासून, कुंपणापासून लांब म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. आणि पंधरा फुटांवर खुर्ची टाकून बसते. पहिले चार दिवस नुसते बुलबुल. मग दयाळ, मग वटवट्या, आणि उन्हाळ्यात दुपारी चष्मेवाल्यांचा थवाच उतरला अंघोळीला, दहा-बारा, सगळ्यांच्या डोळ्याभोवती ते पांढरं कडं. नातवानं काढलेले ते फोटो कुठल्याही घरट्याच्या फोटोपेक्षा सुंदर आहेत. पक्षी आपणहून आला, त्याला हवं तेव्हा गेला.

टेलिफोटो_तीनशे
मावशी, अंगण असलेल्यांना ठीक आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर, समोर एकच बदाम.

मावशी_सातारा
खिडकीच्या ग्रिलमधे ठेव की भांडं. एका बदामावर तांबट, शिंजीर, फुलटोचा एवढे तरी येतीलच.

गच्चीवाला
आणि ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सलीम अलींच्या जन्मदिवसांमधला. तेव्हा यातल्या बऱ्याच पक्ष्यांची वीण नसते, थिरथिरा आणि धोबी हे हिवाळी पाहुणे येऊन पोचलेले असतात. पोरांना तेव्हा कॅमेरा द्या ना.

टेलिफोटो_तीनशे
नोव्हेंबरचं पटलं. फांदी हलवणार नाही, जागा कुठे सांगणार नाही, हेही कबूल. पण लांबून, मोठ्या लेन्सनं, दोन मिनिटांत काढलेला घरट्याचा फोटो चूक आहे हे मला अजून पटत नाही.

गच्चीवाला
मीही पहिल्या दिवशी दोनच मिनिटं उभा होतो.