सायकलवरून नागपूरची रेल्वे पाहायची, तर आरंभ कुठून करावा?

प्रश्न: मनीषनगरचा नवा रहिवासी

नमस्कार. नोकरीनिमित्त साताऱ्याहून नागपुरात येऊन मला जेमतेम पाच महिने झाले आहेत. रोज कामावर सायकलनेच जातो, त्यामुळे शहराच्या दक्षिणेकडचे रस्ते आता पायाखालचे झाले आहेत. लहानपणापासून रेल्वेचे वेड आहे. आमच्या भागात मात्र एकाच मार्गावरच्या मोजक्या गाड्या पाहायला मिळत. इथे रात्री अंथरुणावर पडलो की अजनीच्या बाजूने मालगाड्यांचे भोंगे ऐकू येतात आणि आपण योग्य गावी आलो असे वाटते.

रविवारी पहाटे साडेपाचला निघून साडेनऊच्या आत घरी परतायचे आणि पन्नास-साठ किलोमीटरच्या फेरीत रेल्वेही पाहायची, असा माझा विचार आहे. देशाच्या चारही दिशांचे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात असे म्हणतात, ते डायमंड क्रॉसिंग पहिल्याच फेरीत पाहावे अशी इच्छा आहे. तिथे सायकलने कसे जाता येईल? शिवाय पुढे कधीतरी सायकल गाडीत घालून सेवाग्रामला जावे आणि येताना चालवत यावे असेही मनात आहे. त्याची पद्धत कुणी सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर १: खांबमोज्या

आपले स्वागत आहे. पहिल्याच उत्तरात आपल्या इच्छेवर पाणी टाकतो, याबद्दल क्षमस्व. डायमंड क्रॉसिंग आहे, ते मोहननगरच्या बाजूला आहे आणि शेजारच्या वस्तीतून त्याचे ओझरते दर्शन होतेही. परंतु ‘दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन मार्ग इथे फुलीसारखे छेदतात’ हे जे वर्णन चित्रफितींत ऐकू येते, ते नकाशासमोर टिकत नाही. इटारसीकडून येणारा मार्ग आणि गोंदियाकडून येणारा मार्ग, दोन्ही नागपूर स्थानकात उत्तरेच्या टोकानेच शिरतात. तिथून अजनी, खापरी, बुटीबोरी, सिंदी असे ते एकत्रच जातात आणि सेवाग्राम-वर्ध्याशी पोहोचल्यावर त्यांची फारकत होते: एक बल्लारशाकडे, दुसरा बडनेऱ्यावरून मुंबईकडे. म्हणजे चार दिशांची खरी वाटणी नागपूर आणि सेवाग्राम अशा दोन ठिकाणी मिळून होते. याचा पुरावा हवा असेल तर छत्तीसगड एक्सप्रेस नागपुरात येते तेव्हा पाहावे. इटारसीकडून आलेल्या या गाडीला गोंदियाकडे जायचे असते, म्हणून इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागते आणि गाडी आल्या तोंडाने परत निघते. गोंडवाना एक्सप्रेसचेही तसेच आहे.

आता पाहावे काय, ते सांगतो. विद्युत तारा ज्या खांबांवर टांगलेल्या असतात, त्या प्रत्येक खांबावर एक पाटी असते. पाटीवरचा वरचा आकडा किलोमीटरचा आणि खालचा आकडा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. दुहेरी मार्गावर एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक लावतात. गाडीच्या खिडकीतून हे आकडे दिसतात न दिसतात तोच मागे पडतात. पायी निघावे तर दोन आकड्यांतच दिवस जातो. सायकलच्या वेगाला मात्र ते बरोबर वाचता येतात, म्हणून मी या छंदाला सायकलीचाच छंद मानतो. घरचे त्याला दुसरे नाव देतात.

अजनी-बुटीबोरीच्या बाजूला हा आकडा मुंबईपासून मोजलेला असतो आणि नागपूर स्थानकाशी तो ८३७ होतो. कामठीच्या बाजूला गेलात तर आकडा एकदम अकराशेच्या घरात जातो, कारण तिथली मोजणी हावड्यापासूनची आहे. नागपूरपर्यंत ती ११३१ भरते. गंमत अशी की नागपुरातून आपण दक्षिणेला निघा किंवा पूर्वेला, आकडे दोन्हीकडे उतरतच जातात. आपले गाव दोन्ही मोजण्यांचे शेवटचे टोक आहे, आणि यामागे इतिहास आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईहून इथे १८६७ मध्ये पोहोचली. पूर्वेकडचा राजनांदगावपर्यंतचा मीटरगेज मार्ग १८८० च्या सुमारास झाला; १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि १८९१ मध्ये आसनसोलला नेऊन जोडला. दोन कंपन्यांनी दोन बंदरांकडून मोजत आणलेले अंतर आपल्या गावात एकमेकांसमोर येऊन थांबले, ते आजतागायत तसेच आहे. इथे मध्य रेल्वेचाही नागपूर विभाग आहे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही नागपूर विभागच आहे, या घोळाचे मूळही तेच.

म्हणून माझे सुचवणे असे: पहिली फेरी कामठी-कन्हानची करावी. मनीषनगरहून शहर ओलांडून कन्हान गाठून परत येणे आपल्या साठ किलोमीटरांत बसते. कन्हान नदीच्या पुलावर पोहोचेपर्यंत ऊन कोवळे असते आणि शेजारच्या रेल्वेपुलावरून कोळशाची मालगाडी जाताना वाघिणी मोजायला पुरेसा वेळ मिळतो. अठ्ठावन्न किंवा एकोणसाठ भरल्या तर मोजणी बरोबर आहे असे समजावे. कन्हानहूनच रामटेकचा फाटा फुटतो. रामटेक मात्र दुसऱ्या रविवारसाठी राखून ठेवा, कारण परतीच्या पन्नास किलोमीटरांत ऊन माथ्यावर येते.

उत्तर २: छोट्या लाइनचा प्रवासी

वरील उत्तरातील आकड्यांशी मी सहमत आहे, परंतु नवख्या माणसाला थेट खांब मोजायला लावणे म्हणजे जेवायला बोलावून ताटे मोजायला सांगण्यासारखे आहे. नागपूरची स्वतःची म्हणावी अशी रेल्वे ही छोटी लाइन होती, आणि ती पाहण्यासाठी सायकलीइतके योग्य वाहन नाही. कारण ती गाडी आणि सायकल यांच्या वेगात फारसे अंतर नव्हतेच.

रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे आजच्या ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी. इतवारीहून एक लाइन सावनेर, सौंसरवरून छिंदवाड्याला जात असे आणि दुसरी उमरेड, भिवापूरवरून नागभीडला. पहिली २०१५ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाली, दुसरी २०१९ च्या नोव्हेंबरात, दोन्ही रुंदीकरणासाठी. नागभीडच्या गाडीने मी शाळकरी वयात आजोळी जात असे. दिघोरीच्या पुढे गाडी चढावर मंदावली की मोठी मुले उतरून शेजारून चालत आणि पुन्हा चढत. हे करू नये हे आज कळते; तेव्हा आम्हाला खिडकीत बसवून ठेवल्याचे दुःख होते.

आपण कडबी चौकाजवळच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात आधी जाऊन यावे. ते डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाले. तिथल्या इंजिनाशेजारी आपली सायकल मनातल्या मनात उभी करून पाहा. छोटी लाइन किती छोटी होती ते कोणत्याही आकड्याने कळणार नाही इतके नीट कळते. त्यानंतरच्या रविवारी कोराडीमार्गे सावनेरच्या दिशेने निघावे. कोराडी आणि खापरखेडा या वीजकेंद्रांमुळे कोळशाच्या गाड्यांची ये-जा तिकडे असतेच, शिवाय एके काळी ज्या वाटेने डुलत डुलत छोटी गाडी जाई, तिथून आता विजेच्या तारांखालून मोठी गाडी जाते. सावनेरपर्यंत एका बाजूचे अंतर पस्तीस-छत्तीस किलोमीटर आहे. आपल्या वेळेच्या हिशेबात पाटणसावंगीहून मागे फिरणे बरे. परतताना तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय घरी जाऊ नये, ही सूचना मात्र रेल्वेशी संबंधित नाही.

उत्तर ३: कॅरिअरवाला

सायकल गाडीत घालण्याविषयी कुणी बोलले नाही, म्हणून लिहितो. पूर्ण आकाराची सायकल प्रवासी डब्यात नेता येत नाही; ती ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डच्या डब्याला जोडलेल्या सामानाच्या भागातून जाते. इथे दोन शब्दांमधला फरक नीट लक्षात ठेवावा. आपल्याजवळ त्याच गाडीचे तिकीट असेल तर सायकल ‘लगेज’ म्हणून नोंदवावी. ती आपल्याच गाडीने नेण्याची पद्धत आहे. ‘पार्सल’ म्हणून नोंदवली तर तिकिटाची गरज नसते, पण ती कोणत्या गाडीने निघेल हे जागेवर अवलंबून राहते. मी एकदा घाईत हा फरक न विचारता पावती घेतली आणि सेवाग्रामला उतरून, डोक्यावर हेल्मेट घालून, सायकलीविना पवनारच्या रस्त्याला लागलो. सायकल दुसऱ्या दिवशी आली.

सुटण्याच्या वेळेआधी निदान अर्धा तास सामान हजर करावे असा नियम आहे. मी एक तास धरतो. चाकांभोवती आणि दांडीभोवती बारदान गुंडाळावे, पंप आणि दिवा काढून पिशवीत घ्यावा, आणि जाड पुठ्ठ्यावर नाव, दूरध्वनी, पीएनआर व ‘नागपूर ते सेवाग्राम’ असे मोठ्या अक्षरांत लिहून दोन ठिकाणी बांधावे. सेवाग्रामसारख्या ठिकाणी गाडी थोडाच वेळ थांबते, म्हणून उतरल्याबरोबर आपणच ब्रेकव्हॅनपाशी जाऊन उभे राहावे. वंदे भारतमध्ये पार्सलची सोय नाही, तेव्हा तिचा विचार सोडून द्यावा.

घडीची सायकल असेल तर प्रश्न वेगळा. स्लीपरमध्ये प्रत्येक प्रवाशाला ४० किलो सामान मोफत असते, परंतु पेटीच्या मापाची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे. वजनात घडीची सायकल सहज बसते, जाडीत बहुधा बसत नाही. मग सारे तिकीट तपासनिसाच्या मनावर. पिशवीत झाकून आसनाखाली सरकवलेल्या सायकलीबद्दल मला आजवर कुणी विचारलेले नाही, पण याला नियम समजू नये.

परतीचे अंतर रस्त्याने सुमारे पंच्याहत्तर किलोमीटर आहे. हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा बुटीबोरीच्या अलीकडे सावली नावाची वस्तू शोधून सापडत नाही.

उत्तर ४: फाटकाजवळचा

तिन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण फाटक कसे ओलांडावे हे कुणीच सांगितले नाही. फाटकावर रुळाच्या आतल्या बाजूला चेक रेल, म्हणजे रुळाला समांतर बसवलेला दुसरा रूळ, असते आणि चाकाची कड जाण्यासाठी दोन्हींमध्ये ५१ ते ५७ मिलिमीटरची फट ठेवलेली असते. आपले टायर अठ्ठावीस किंवा बत्तीस मिलिमीटर रुंदीचे असेल तर ते त्या फटीत अलगद उतरते. रस्ता रुळांना काटकोनात छेदत असेल तर काही होत नाही. तिरका छेदत असेल आणि त्यातच पाऊस पडून गेलेला असेल, तर सायकल तिथेच राहते आणि आपण पुढे जातो. माझ्या उजव्या कोपरावर त्याची खूण आहे. तिरक्या फाटकावर वळसा घेऊन काटकोन साधावा, किंवा सरळ उतरून सायकल हाताने न्यावी.

फाटक बंद असताना वाकून खालून जाणाऱ्यांच्या मागे जाऊ नये. त्या पाच मिनिटांत पाहण्यासारखे पुष्कळ असते. फाटकाच्या अलीकडे रुळांलगत ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी असते. ती लोको पायलटला भोंगा वाजवण्याची सूचना आहे. ती दिसेल अशा जागी उभे राहिलात तर भोंगा कधी वाजणार हे आधी सांगून सोबतच्या मुलांवर छाप पाडता येते.

आणि डायमंड क्रॉसिंगचे छायाचित्र काढण्यासाठी रुळांत उतरणारे अनेक जण मी पाहिले आहेत. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार अशा प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दहा रुपयांच्या प्लॅटफॉर्म तिकिटावर दोन तास हक्काने उभे राहता येते, तेव्हा हा व्यवहार तोट्याचाच आहे. अजनीच्या इंग्रजांच्या काळातल्या पुलावरूनही गाड्या छान दिसतात, परंतु तो अरुंद आहे. रहदारी सुरू होण्यापूर्वीच तिथे थांबावे. बारा हजार अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-१२ इंजिनांच्या देखभालीचा डेपो अजनीलाच असल्यामुळे ती जोडइंजिने तिथे नेहमी नजरेस पडतात.

प्रश्नकर्ता पुन्हा: मनीषनगरचा नवा रहिवासी

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल कामठीपर्यंत जाऊन आलो. कन्हान राहिले, कारण कडबी चौकाशी मागचे टायर पंक्चर झाले आणि दुकान उघडेपर्यंत पाऊण तास गेला. संग्रहालय इतक्या सकाळी बंदच होते, त्यामुळे तिथे पुन्हा जावे लागेल. कामठीला प्लॅटफॉर्म तिकीट काढून शेवटच्या टोकापर्यंत चालत गेलो. खांबावरचा आकडा खरोखरच अकराशेच्या घरातला होता. परवापर्यंत अजनीला आठशे वाचत होतो, त्यामुळे ठाऊक असूनही क्षणभर चुकल्यासारखे झाले.

परत येताना सबंध वाटेत एकच विचार डोक्यात होता. एकीकडून ८३७ येतो आणि दुसरीकडून ११३१. मग यांच्यापैकी शेवटचा खांब कोणता आणि त्याच्या शेजारचा पहिला कोणता? तो कुणी पाहिला आहे का?

उत्तर ५: खांबमोज्या

आता आपण आमच्यातले झालात. स्थानकाच्या उत्तर टोकाला, प्लॅटफॉर्म संपतो तिथे पिवळ्या रेषेच्या आत उभे राहून गोंदियाच्या दिशेने पाहावे. दुर्बीण आणा, डोळ्यांवर विसंबून मी पहिले दोन रविवार वाया घालवले होते. उत्तर मी सांगणार नाही.