मदत हवी आहे: डिजिटल कलेक्टिबल्स लोकांनी खरंच वापरावीत म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. चित्रकारांसाठी असलेल्या एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मचं काम मी बघते. सभासदांना चित्रकारांनी काढलेली डिजिटल कलेक्टिबल्स, म्हणजे मालकीची नोंद ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या सामाईक नोंदवहीत) असलेली संग्रहाची चित्रं, घेता यावीत, असं आमच्या मनात आहे. चाचणीत मात्र गाडी एकाच ठिकाणी अडते. चित्र आवडतं, 'घ्या' हे बटण दाबलं जातं, आणि पुढच्याच स्क्रीनवर 'हे बारा शब्द कागदावर लिहून ठेवा, हरवले तर वॉलेट गेलं' असं दिसलं (वॉलेट म्हणजे ही कलेक्टिबल्स सांभाळणारं डिजिटल खातं, आणि ते परत मिळवायचा परवलीचा मजकूर म्हणजे हे शब्द) की माणूस तिथूनच परत फिरतो. त्यात त्याचं काय चुकलं?

रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाने जुलै २०२२ मध्ये कलेक्टिबल अवतार (प्रोफाइलवर लावायची पात्रांची चित्रं) आणले. ते पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर होते, पण पैसे नेहमीच्या चलनात भरता यायचे आणि वॉलेटही अ‍ॅपमध्येच तयार व्हायचं. शिवाय घेतलेला अवतार प्रोफाइलवर लगेच मिरवता यायचा. मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. वस्तू रोज चार लोकांना दिसली तर तिची हौस वाटते. उलट स्टारबक्सचा ओडिसी हा ग्राहकांना डिजिटल कलेक्टिबल्स देणारा उपक्रम डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०२४ मध्ये बंदही पडला.

ज्यांनी असं काही चालवलंय त्यांना विचारायचंय: पहिलं कलेक्टिबल फुकट दिल्यावर पुढे लोक विकत घेतात का? वॉलेटच्या किल्ल्या (ते उघडणारे गुप्त संकेत) सुरुवातीला सभासदांऐवजी प्लॅटफॉर्मनेच सांभाळाव्यात का? आणि पुनर्विक्री पहिल्या दिवसापासून खुली ठेवावी का? सट्टेबाज आधी घुसले तर चित्रांवर प्रेम करणारे दूर जातील, ही मला सगळ्यात मोठी धास्ती आहे. कृपया अनुभव सविस्तर लिहा.