मदत हवी आहे: लाटसाहेबाच्या बंगल्यावर नोकरीला असलेल्या पणजोबांचा माग कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

माझे पणजोबा मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरकडे नोकरीला होते. घरात 'लाटसायबाकडं होते' एवढंच ऐकत आलोय. गेल्या दिवाळीत जावळीतल्या घराचा माळा आवरताना पत्र्याची एक डबी सापडली. तिच्यात दोनच वस्तू होत्या: एक इंग्रजी चिठ्ठी आणि एक पितळी बिल्ला.

चिठ्ठी घड्यांवर फाटली आहे. वर गव्हर्न्मेंट हाऊस, गणेशखिंड असं छापलेलं, तारीख सप्टेंबर १९३१ ची, खाली कुणा एडीसीची (गव्हर्नरच्या दिमतीचा लष्करी अधिकारी) सही, ती लागत नाही. मजकूर चार ओळींचा आहे. माणूस टेबलावर वाढण्यात तरबेज आहे, स्वच्छ राहतो, दारू पीत नाही, आणि घरच्या आजारपणामुळे आपणहून नोकरी सोडतो आहे. नाव फक्त पहिलं लिहिलंय. ना आडनाव, ना गाव. माझी सगळी अडचण इथेच आहे.

तारीख मात्र जुळते. हिवाळ्यात मुंबईत मलबार पॉइंट, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंड, असा गव्हर्नरचा मुक्काम हलायचा. साहेबाबरोबर सगळा लवाजमाही हलायचा. आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या आत्याआजी, आज ९३ वर्षांच्या आहेत. त्यांच्या जन्माआधीच ही नोकरी सुटली, पण वडिलांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पाठ आहे. साहेब डोंगरावर आला की मगच पणजोबांना घर दिसायचं. मेढ्यापर्यंत चालत उतरायचे, दोन रात्री राहायचे, परत वर. जेवणघरात अनवाणी वावरायचं, आणि भांड्याला भांडं लागल्याचा आवाज होता कामा नये. घरी भाकरी वाढतानाही ते डावीकडूनच वाढायचे आणि ताट उजवीकडून उचलायचे. आत्याआजींचा हात अजून तसाच चालतो, मी परवाच पाहिलं.

आता कोडं. पणजोबा म्हणायचे, 'आपलं अन्न परळच्या बंगल्यातलं.' पण त्यांचा जन्म १८९५ च्या आसपासचा. परळचा बंगला म्हणजे गव्हर्नरांचं मुंबईतलं आधीचं निवासस्थान. तिथे १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने गेल्या, त्यानंतर गव्हर्नरांनी परळचा मुक्काम हलवून मलबार पॉइंट धरलं. १८९९ मध्ये तर परळच्या बंगल्यात हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. म्हणजे पणजोबांनी परळला नोकरी केली असणं शक्यच नाही. मला वाटतं, त्यांचे वडीलही याच चाकरीत असावेत आणि वशिल्याने मुलाला लावलं असावं. तसं असेल तर आमच्या घराच्या दोन पिढ्यांचा शोध घ्यावा लागेल.

बिल्ल्यावर मुकुट आहे आणि २३ हा आकडा. असा बिल्ला पट्टेवाल्याच्या पट्ट्यावर असायचा. टेबलावर वाढणाऱ्याकडे तो कसा आला? ते आधी पट्टेवाले होते का? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण पट्टेवाला सरकारी आस्थापनेवरचा माणूस, त्याची सेवेची नोंद कुठेतरी असणार. पण खानसामा, मसालची (भांडी घासणारा), हमाल (घरकाम करणारा) अशी खासगी माणसं असतील तर त्यांचा हिशेब घरखर्चात. बंगल्याचा हा कारभार गव्हर्नरच्या मिलिटरी सेक्रेटरीच्या हाताखाली चालायचा.

जुन्या सिव्हिल लिस्ट, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांच्या छापील याद्या, मी चाळल्या आहेत. त्यांत गव्हर्नर, त्यांचा खासगी सचिव, मिलिटरी सेक्रेटरी, एडीसी, सर्जन, सगळ्यांची नावं सापडतात. १९३१ मध्ये गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स होते, हेही चटकन कळलं. ज्या माणसाने त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं त्याचं आडनाव शोधायला मात्र वर्ष गेलं, आणि हाती काही लागलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून जाणकारांना विचारतो:

मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात नेमक्या कोणत्या खात्याच्या फायली मागवाव्यात? मिलिटरी सेक्रेटरीच्या कचेरीचे पगारपत्रक किंवा नोकरांची हजेरीबुकं कुणी प्रत्यक्ष पाहिली आहेत का? कुणाच्या घरी असा बिल्ला किंवा अशी चिठ्ठी असेल तर कृपया फोटो टाका, सही जुळवून पाहता येईल. मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा), माळी, धोबी, बॉडीगार्ड, कुणाच्याही घरचं चालेल.

आणि एक घाईचं. गणेशखिंडीचा तो बंगला म्हणजेच आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. येत्या जानेवारीत आत्याआजींना तिथे न्यायचं ठरलंय. इमारत सगळ्यांना माहीत आहे. मला नोकरांच्या चाळी कुठे होत्या ते हवंय. आवारात जुन्या काळापासून राहिलेल्या किंवा काम केलेल्या कुणाला ती जागा दाखवता येईल का? आत्याआजींना फार चालवत नाही, गाडी जिथवर जाईल तिथवरच नेऊ. 'बाबा निजायचे कुठं, तेवढं दाखव' असं त्या म्हणाल्या आहेत.

चिठ्ठी आणि बिल्ल्याचे फोटो उद्या उजेडात काढून इथेच टाकतो.