शब्दचर्चा: ‘स्लो ट्रॅव्हल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नमस्कार मंडळी. एका प्रवासगटाचं माहितीपत्रक मराठीत लिहायला घेतलं आहे. कल्पना अशी: एका वेळी दहाबारा जणच न्यायचे, सात-आठ दिवस एकाच शहरात राहायचं, वाटाड्या तिथलाच, उतरायचं तिथल्याच कुणाच्या घरी किंवा छोट्या हॉटेलात, आणि आपल्या येण्याचा तिथल्या माणसांवर, पाण्यावर, जुन्या वास्तूंवर ताण पडू द्यायचा नाही. इंग्रजीत यासाठी स्लो, सस्टेनेबल, स्मॉल ग्रुप असे तयार शब्द आहेत. मराठीत पहिला मसुदा असा झाला: ‘सांस्कृतिकदृष्ट्या समृद्ध स्थळांची संथ, शाश्वत, लघुगट सहल’. शब्द सगळे कोशातले, पण असं बोलत कुणीच नाही. ‘संथ’ आणि ‘शाश्वत’ तर फारच खटकतात. काय सुचवाल?

प्रतिसाद

‘निवांत भटकंती’ म्हणा. लोकांना लगेच कळेल.

प्रतिसाद

‘निवांत’ म्हटलं की माणूस आरामाला गेला असं वाटतं. इथे तर दिवसभर पायी फिरणं, लोकांशी बोलणं, एखादी कला शिकणाऱ्या मुलांत जाऊन बसणं असं भरपूर असणार. ‘भटकंती’ शब्द छान आहे, पण तो डोंगरदऱ्यांशी जोडला गेलाय, आणि भटकणारा एका जागी थांबत नाही. ताईंच्या कल्पनेत थांबणं हाच गाभा आहे.

प्रतिसाद

‘संथ’ का खटकतो ते थोडं उलगडून पाहू. नदी संथ वाहते तेव्हा ते कौतुक असतं, पण माणसाच्या कामाला ‘संथ’ म्हटलं की ती तक्रार होते. संथ कारभार, संथ फलंदाजी. ‘मंद’ तर त्याहून वाईट, आणि ‘धिमा’ फक्त वेगाबद्दल बोलतो.

मुळात इंग्रजीतला हा ‘स्लो’देखील वेगाबद्दलचा नाही. १९८६ मध्ये रोमला, स्पॅनिश स्टेप्सच्या जवळ मॅकडोनाल्ड्स सुरू होणार म्हणून निदर्शनं झाली. त्यात कार्लो पेट्रिनी हे इटालियन पत्रकार पुढे होते. फास्ट फूडला उत्तर म्हणून ‘स्लो फूड’ हे नाव आलं. १९८९ मध्ये पॅरिसला त्या चळवळीचा जाहीरनामा झाला आणि १९९९ मध्ये इटलीतच शहरांसाठी ‘चित्तास्लो’ (म्हणजे ‘स्लो शहर’) ही चळवळ सुरू झाली. प्रवासाला लागलेलं ‘स्लो’ याच घराण्यातलं. घाईला नकार, हा त्याचा अर्थ. हळू चालणं त्यात ओघाने येतं.

घाईला नकार देणारा शब्द मराठीत आधीपासून आहे: सावकाश. स + अवकाश. ज्याच्याकडे अवकाश आहे, मोकळी जागा आणि मोकळा वेळ आहे, तो सावकाश. ‘सावकाश या’, ‘सावकाश होऊ द्या’ यात कुठेही तक्रार नाही, उलट समोरच्याला दिलेली मोकळीक आहे. जरा बोलका शब्द हवा असेल तर ‘रमतगमत’. मात्र तो क्रियाविशेषण म्हणूनच शोभतो. ‘रमतगमत फिरा’ छान, ‘रमतगमत सहल’ अवघडलेलं.

प्रतिसाद

मी असे छोटे गट नेतो, म्हणून शब्दाच्या वापराच्या बाजूने लिहितो. ‘सावकाश’ चांगला आहे, पण लोक विचारतात, “म्हणजे रोज उशिरा निघायचं का?” वेग हा मुद्दा लोकांच्या डोक्यातून जातच नाही. मोरोक्कोतल्या फेझचं जुनं शहर पाहा. १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की आत मोटार जात नाही, माल खेचरांच्या पाठीवर जातो. मागून “बालाक! बालाक!” अशी आरोळी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं, खेचर जाऊ द्यायचं. तिथे घाई करायची म्हटली तरी करता येत नाही. पण अशा शहरातसुद्धा काही गट सकाळी बसमधून उतरतात, चामडं कमावायचे हौद गच्चीवरून बघतात, फोटो काढतात आणि दुपारी पुढच्या शहराला निघतात. पायी हिंडले, हळूच हिंडले, तरी हा प्रवास ‘स्लो’ नव्हे. फरक चालण्याच्या वेगात नाही, रात्र कुठे काढली यात आहे.

म्हणून आमच्या बोलण्यात शब्द असतो ‘मुक्काम’. “या वेळी मुक्काम किती ठिकाणी?” हा पहिला प्रश्न. एकाच ठिकाणी असेल तर तो आमच्या पद्धतीचा प्रवास.

प्रतिसाद

हे पटलं. याला आकडेवारीच्या व्याख्येचाही आधार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटनविषयक शिफारशींत पाहुण्यांचे दोन वर्ग आहेत: जो किमान एक रात्र राहतो तो पर्यटक, आणि जो त्याच दिवशी परततो तो वेगळा. व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक गर्दीच्या दिवशी प्रवेशशुल्क सुरू केलं, ते फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांसाठी. शहरात मुक्कामाला असलेल्यांना ते माफ आहे. म्हणजे मुक्काम ही रेघ प्रशासनालाही ओढावी लागली.

या दुसऱ्या वर्गासाठी आपल्याकडे फार नेमकं बोलणं आहे: ‘उभ्या उभ्या येऊन गेला’.

प्रतिसाद

‘मुक्काम’चा अर्थ किती रुंद आहे बघा. पत्त्यावरचं ‘मु. पो.’ म्हणजे मुक्काम पोस्ट. तिथे तो कायमचं राहण्याचं ठिकाण सांगतो. एका रात्रीचा थांबाही मुक्काम आणि जन्मभराचं गावही मुक्काम. स्लो ट्रॅव्हल या दोहोंच्या मधलं काहीतरी आहे. ‘मुक्कामी प्रवास’ असा शब्द चालवून पाहायला हरकत नाही.

प्रतिसाद

हरकत एकच. ‘मुक्कामी गाडी’ म्हणजे रात्री शेवटच्या गावात थांबून सकाळी परत फिरणारी बस. खेड्यातल्या वाचकाला आधी तीच आठवेल. शिवाय ‘मुक्काम ठोकला’ म्हटलं की नकोसा पाहुणा डोळ्यांसमोर येतो.

प्रतिसाद

‘ठोकला’ या क्रियापदामुळे तसं वाटतं, नामाला तो दोष नाही. ‘मुक्कामाला आले’ म्हणा, लगेच निवळतं.

आणि मुळात ‘प्रवास’ शब्दाकडेच नीट पाहायला हवं. तो गमनाचा शब्दच नाही! प्र + वस्. वस् म्हणजे राहणं, ज्यातून वास, निवास, वसती आले. संस्कृतात प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणं. नवरा परगावी राहिला आहे अशी नायिका ती प्रोषितभर्तृका. त्यातला ‘प्रोषित’ याच धातूचा. ‘प्रवासी भारतीय’ या शब्दप्रयोगात तो जुना अर्थ टिकून आहे: ते भारतीय गाडीत बसलेले नाहीत, परदेशी राहिलेले आहेत. मराठीत मात्र शब्द सरकत सरकत वाहनात जाऊन बसला. ‘बारा तासांचा प्रवास झाला’ म्हणजे आपण कुठेच राहिलो नाही, नुसते वाहनात होतो. ‘पर्यटन’ याच्या उलट. परि + अटन, सभोवार फिरणं. त्यात थांबणं आलंच नाही. तेव्हा ताई, ‘सहल’ आणि ‘पर्यटन’ दोन्ही काढा आणि ‘प्रवास’ ठेवा. ‘मुक्कामाचा प्रवास’ म्हटलं की शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळतो.

प्रतिसाद

‘यात्रा’ का नको? पायी चालत, दिवसचे दिवस, वाटेतल्या लोकांच्या आधाराने होणारा जगातला सगळ्यात जुना ‘स्लो’ प्रवास तोच. स्पेनमधल्या सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेवर पायी जाणाऱ्याला किमान १०० किलोमीटर चालल्याशिवाय यात्रेचं प्रमाणपत्र मिळत नाही. जपानात शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांची फेरी साधारण १२०० किलोमीटरची आहे.

प्रतिसाद

उदाहरणं उत्तम, पण त्या दोन्ही ठिकाणी रोज पुढे जायचं असतं. शिवाय ‘यात्रा’ शब्दाला गर्दी चिकटलेली आहे. ‘जत्रा’ हे त्याचंच रूप. यात्रा भरते. दहाबारा जणांनी भरत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ‘मुक्कामाचा प्रवास’ माझ्या मनात बसला. ‘लघुगट’ काढून ‘दहाबारा जणांची मंडळी’ असं करते. ‘शाश्वत’चं काय करू? सरकारी कागदांत सगळीकडे तोच आहे, त्यामुळे वगळायला धजत नाही.

प्रतिसाद

‘शाश्वत विकास’ रूढ झाला आहे. पर्यावरण आणि विकास या विषयावरच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालानंतर ती कल्पना जगभर पसरली, आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली १७ उद्दिष्टं मराठीत ‘शाश्वत विकास उद्दिष्टे’ झाली. धोरणाच्या कागदात तो राहू दे. पण बोलण्यातला ‘शाश्वत’ म्हणजे नश्वर नसलेला, कायमचा. आणि रोजच्या वापरात त्याचं भावंड ‘शाश्वती’ आहे: ‘उद्याची शाश्वती नाही’. ‘शाश्वत सहल’ वाचणाऱ्याला ती रद्द होणार नाही अशी हमी दिल्यासारखं वाटेल.

‘टिकाऊ’ म्हणावं, तर सहल टिकाऊ असून उपयोग काय? टिकायचं आहे ते गाव. ‘गाव टिकवणारा प्रवास’ असंही मी काही ठिकाणी वाचलंय, ते मला मान्य नाही. गाव तिथली माणसं टिकवतात. आठ दिवस येणाऱ्याने तो मान घेऊ नये.

माझी सूचना: ‘गावाला झेपेल असा प्रवास’. ‘झेपणे’ साधा शब्द आहे, पण त्याची बांधणी बघा. कुणाला झेपतं हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. गावाला, विहिरीला, जुन्या पुलाला, घरमालकिणीला. ‘शाश्वत’ म्हणताना ओझं कुणाच्या डोक्यावर आहे ते बोलावंच लागत नाही. ‘झेपेल’ म्हणताना बोलावं लागतं.

प्रतिसाद

आणि झेपतं की नाही हे गावाने ठरवायचं, आपण नाही. पेरूमध्ये माचू पिचूला पायी नेणाऱ्या इन्का वाटेवर दिवसाला ५०० माणसांना परवाना मिळतो, आणि त्या ५०० मध्ये हमाल, स्वयंपाकी, वाटाडे सगळे धरलेले असतात. मला ही मोजणी फार न्याय्य वाटते. ‘आम्ही दहाच जण आहोत’ असं सांगणारा गट सामान वाहणारी माणसं मोजतच नाही. त्या वाटेला मात्र सगळ्यांचेच पाय लागतात. दर फेब्रुवारीत ती वाट दुरुस्तीसाठी बंद असते. व्हेनिसनेही २०२४ मध्ये वाटाड्याबरोबरच्या गटाला २५ जणांची मर्यादा घातली आणि ध्वनिवर्धकांवर बंदी आणली. तेव्हा पत्रकात नुसतं ‘लहान गट’ लिहू नका. किती जण ते लिहा, आणि सोबतचे मदतनीस धरून लिहा.

प्रतिसाद

अर्थशास्त्रातला एक शब्दही या पत्रकात चपखल बसेल: गळती. प्रवाशाने दिलेल्या पैशातला जो भाग त्या गावात राहत नाही, बाहेरच्या कंपन्यांकडे निघून जातो, ती पर्यटनातली गळती. ‘स्थानिक अर्थव्यवस्थेला चालना’ या घासून गुळगुळीत झालेल्या ओळीपेक्षा ‘पैशाची गळती कमी’ हे कुणालाही समजेल.

प्रतिसाद

‘पर्यटक’ऐवजी ‘पाहुणे’ लिहिलं तर?

प्रतिसाद

हे मात्र करू नका. पाहुण्याकडून कुणी पैसे घेत नाही, आणि पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. इथे व्यवहार आहे. कुणीतरी चादरी धुतं, पहाटे उठून पाणी तापवतं, दिवसभर हसून बोलतं. त्या कामाला दाम आहे आणि ते वेळेवर द्यायचं आहे. ‘पाहुणे’ म्हटलं की ते काम झाकलं जातं आणि ‘घरच्यासारखंच आहे’ म्हणत घासाघीस सुरू होते. आपुलकी आपोआप निर्माण झाली तर उत्तमच, पण पत्रकातून तिची मागणी करू नये. ‘प्रवासी’ आणि ‘यजमान’ एवढे दोन शब्द पुरेत.

प्रतिसाद

राहिलं ‘सांस्कृतिकदृष्ट्या समृद्ध स्थळे’. ‘दृष्ट्या’ काढाच, आणि ‘समृद्ध’देखील. जगात असं गाव दाखवा ज्याला संस्कृती नाही. तिथे काय आहे ते लिहा: विणकर आहेत, जुनी हस्तलिखितं आहेत, मातीचे वाडे आहेत, गाणारी घराणी आहेत. एक नाम चार विशेषणांचं काम करतं. ‘प्रेक्षणीय स्थळे’ही टाळा, त्यात फक्त डोळ्यांना काम आहे.

नामापेक्षा मराठीत क्रियापदाने जास्त साधतं, हे मला या धाग्यावर सांगायचंच आहे. ‘जाऊन आलो’, ‘बघून आलो’, ‘करून आलो’ आणि ‘राहून आलो’. चारही घडणी सारख्या, पण ‘राहून आलो’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न वेगळा येतो. बघून आलेल्याला आपण विचारतो, “काय काय बघितलं?” राहून आलेल्याला विचारतो, “कसे आहेत लोक?” हल्लीचं ‘कव्हर केलं’ तर या चौघांच्या आसपासही येत नाही. ‘पाच दिवसांत सहा शहरं कव्हर’ असं वाचलं की त्या शहरांत बूड तरी टेकलं का, असं विचारावंसं वाटतं. पत्रकाच्या मथळ्यातच ‘राहून या’ घाला. ‘स्लो’चा प्रतिशब्द शोधायची गरजच उरणार नाही.

धागाकर्ती

नवा मसुदा असा केला आहे:

‘राहून या. एकाच गावी आठ दिवसांचा मुक्काम. वाटाड्या आणि मदतनीस धरून एकूण बारा जण. किती माणसं आणि कोणत्या दिवसांत, हे यजमान गावाशी बोलून ठरवलेलं, त्याला झेपेल एवढंच. रहायला तिथल्याच लोकांची घरं, आणि बहुतांश पैसा तिथल्याच लोकांच्या हाती. सकाळचे कार्यक्रम ठरलेले, दुपारी तुम्ही मोकळे. एक अविस्मरणीय अनुभव घ्या!’

प्रतिसाद

छान उतरलंय. दोन दुरुस्त्या. ‘रहायला’ नव्हे, ‘राहायला’. धातू ‘राह’ आहे, म्हणून राहणे, राहून, राहायला. आणि शेवटचं वाक्य काढून टाका. ‘दुपारी तुम्ही मोकळे’ यावरच मजकूर थांबू दे. ‘बहुतांश’च्या जागी खरा हिशेब देता आला तर तोही द्या: शंभरातले किती यजमानांना, किती वाटाड्याला, किती तुमच्याकडे. विचारणारे विचारतातच.