युरिक ॲसिड ७.९, पण सांधा एकही दुखत नाही: गोळी सुरू करावी का?

नदीकाठ (प्रश्न):

माझे वय ५२ आहे. गेल्या महिन्यात कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत माझे युरिक ॲसिड ७.९ आले आणि अहवालात त्या आकड्यापुढे ठळक बाण छापलेला होता. मला सांध्यांचे दुखणे नाही, मुतखडा कधी झालेला नाही, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन व्यवस्थित आहे. रक्तदाबाची एक गोळी मात्र चार वर्षे चालू आहे. तरीही तपासणीच्या डॉक्टरांनी युरिक ॲसिड उतरवणारी फेबुक्सोस्टॅट ४० ही गोळी लिहून दिली आणि ओळखीच्या मंडळींनी तूरडाळ व पालक बंद करायला सांगितले. आमच्या घरी दोन्ही वेळा वरण असते, तेव्हा जेवावे काय हाच प्रश्न आहे.

गोंधळ वाढला तो माझ्या मेहुण्यामुळे. पहाटे तीनच्या सुमारास त्याचा उजव्या पायाचा अंगठा असा ठणकू लागला की चादरीचा काठ लागलेलाही त्याला सहन होईना. सांधा लाल, तुकतुकीत आणि गरम झाला होता. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले तर युरिक ॲसिड ५.९ निघाले, आणि तरीही त्याच्या डॉक्टरांनी गाऊटच, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा सांध्यांचा आजारच, सांगितला. ज्याचा आकडा बरोबर त्याला गाऊट आणि ज्याचा आकडा चढा तो ठणठणीत, हे कसे काय?

स्टेथोस्कोप:

मी फिजिशियन आहे. आपले कागद न पाहता लिहीत असल्यामुळे अंतिम निर्णय आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

गाऊट हा रक्तातल्या आकड्याचा आजार नव्हे, तो सांध्यात साचलेल्या स्फटिकांचा आजार आहे. शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, रक्तात सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर एवढेच युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचे रक्तातले रूप, विरघळलेले राहू शकते. त्याच्या वर गेले की स्फटिक बनण्याची शक्यता निर्माण होते, पण ते बनतीलच असे नाही. हिवाळ्यात मधाच्या दोन बरण्या शेजारी ठेवल्या तर एकीत तळाला साखर धरते आणि दुसरी तशीच पातळ राहते, तसाच हा प्रकार आहे. थंडीचा संबंधही खरा आहे, कारण ३० अंशांना हीच मर्यादा साधारण ४.५ वर येते आणि पायाचा अंगठा हृदयापासून दूर असलेला, अंगाच्या मानाने गार राहणारा सांधा आहे. पहिला झटका बहुतेकदा तिथेच येतो, त्याचे हे एक कारण मानले जाते.

अमेरिकेत सुमारे दोन हजार निरोगी पुरुषांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे युरिक ॲसिड ९ किंवा त्याहून जास्त होते त्यांच्यात दर वर्षी शंभरातल्या जवळपास पाच जणांना गाऊट झाला, तर ७ ते ८.९ या पट्ट्यात हे प्रमाण हजारात पाच एवढेच होते. आपला ७.९ या दुसऱ्या पट्ट्यात येतो. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा कलही असाच आहे, की एकही झटका आलेला नसेल तर केवळ आकडा उतरवण्यासाठी गोळी सुरू करू नये. माझ्या मते आपल्याला आज फेबुक्सोस्टॅटची गरज दिसत नाही.

मेहुण्यांच्या ५.९ चे उत्तर असे, की झटक्याच्या दिवसांत सुजेमुळे मूत्रपिंडे जास्त युरेट बाहेर टाकतात आणि रक्तातला आकडा तात्पुरता उतरतो. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावा. शंका उरलीच तर सांध्यातले पाणी सुईने काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गाऊट असेल तर त्यात सुईसारखे टोकदार स्फटिक दिसतात, आणि निदानाचा तोच खरा पुरावा.

आणखी एक: आपल्या रक्तदाबाच्या गोळीत नेमके काय आहे?

अंगठेबहाद्दर:

मला गाऊट होऊन अकरा वर्षे झाली. डॉक्टरांनी शास्त्र सांगितलेच आहे, मी माझी चूक सांगतो.

दुसऱ्या झटक्यानंतर मला युरिक ॲसिड उतरवणारे ॲलोप्युरिनॉल १०० सुरू केले आणि तिसऱ्याच आठवड्यात दुसऱ्या पायाचा घोटा सुजला. गोळीनेच आजार वाढवला असे ठरवून मी ती बंद केली आणि पुढची दोन वर्षे झटके अंगावर काढले. आकडा उतरू लागला की जुने स्फटिक विरघळताना सुरुवातीचे काही महिने झटके येऊ शकतात आणि म्हणून सोबत झटका रोखणाऱ्या कोल्चिसीनचा लहान डोस देतात, हे मला त्या वेळी कोणी नीट समजावले नव्हते. आता सावकाश वाढवत ३०० वर आहे, आकडा ६ च्या खाली राहतो आणि चार वर्षांत एकही झटका नाही. अंगावर पुरळ उठले तर मात्र ही गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे, ही ताकीद मला पहिल्या दिवशीच मिळाली होती.

कोल्चिसीनवरून आठवले. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळी फुले येणारी जी कळलावी दिसते, तिच्या कंदात हेच द्रव्य असते. गावाकडच्या एका स्नेह्याने तो कंद उगाळून घ्यायला सुचवले होते. कृपया कोणीही तसे करू नये. औषध आणि विष यांतले अंतर त्यात फारच थोडे आहे आणि कळलावीच्या विषबाधेने माणसे दगावली आहेत.

वरण मी रोज खातो. माझे झटके बिअरनंतर आणि तारली-बांगड्याच्या मेजवानीनंतर यायचे, वरणानंतर कधीच नाही.

नदीकाठ:

गोळीची पट्टी आताच पाहिली. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ असे लिहिले आहे. वरणाबद्दल वाचून घरात सर्वांनाच हायसे वाटले.

स्टेथोस्कोप:

त्यातला दुसरा घटक लघवी वाढवणारा आहे आणि तो युरिक ॲसिडही वाढवतो. गोळी मनाने बंद करू नका, रक्तदाब बिघडेल; पण त्याऐवजी दुसरे औषध चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. उदाहरणार्थ, लोसार्टनने युरिक ॲसिड थोडे उतरते, टेल्मिसार्टनने तसे होत नाही.

आहाराबाबत अंगठेबहाद्दरांचा अनुभव अभ्यासाशी जुळतो. सत्तेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांची बारा वर्षे पाहणी करून २००४ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांत मांस आणि मासळीने गाऊटची जोखीम वाढलेली दिसली, डाळी व पालकासारख्या प्युरीनयुक्त (प्युरीनपासूनच शरीरात युरिक ॲसिड बनते) शाकाहाराने वाढलेली दिसली नाही, आणि दुग्धजन्य पदार्थांनी ती कमी झाली. तेव्हा वरण चालू ठेवा, सोबत ताक घ्या, आणि साखर घातलेली शीतपेये घेत असाल तर ती आधी सोडा. औषध बदलल्यास दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासून आकडा इथे कळवा.